आपोआप आवळणारा नट

चुनखडीच्या त्या कारखान्यात पट्ट्याखालच्या बोगद्यात फावडं मारणाऱ्या चार बायका होत्या आणि त्या चौघींत ताई सगळ्यात थोरली. ताई हे काही तिचं नाव नव्हे. पण तिचा धाकटा भाऊ तिथेच फिटर होता, तो सगळ्यांदेखत तिला ताई म्हणायचा, मग सगळेच म्हणू लागले. तिच्याहून दहा पावसाळे जास्त पाहिलेला गेटवरचा रखवालदारही म्हणायचा. आता त्याला कोण आवरणार?

खाणीतून आलेला ओला दगडचुरा रुंद रबरी पट्ट्यावर बसून भट्टीकडे जायचा. वरच्या टोकाला मोठ्या ड्रमवरून पट्टा उलटा वळायचा आणि माल खाली पडायचा. सगळा माल तिथल्या तिथे पडला असता तर चौघींना कुणी कामावर ठेवलंच नसतं. पण ओला चुरा मोठा लोचट. तो पट्ट्याला चिकटून परतीच्या प्रवासालाही निघायचा आणि वाटेत जो जो रोलर लागेल तिथे थोडा थोडा गळत राहायचा. सकाळी लख्ख केलेल्या बोगद्यात दुपारपर्यंत गुडघाभर ढीग. ते फावड्याने घमेल्यात भरायचे, घमेली हातगाडीत ओतायची, हातगाडी ढकलत वर न्यायची आणि दुसऱ्या दिवशी ये रे माझ्या मागल्या.

ताईचे गुडघे आता कुरकुरायला लागले होते. डॉक्टरांनी सांगितलं, वाकायचं काम सोडा, नाहीतर काठी हातात येईल. "काम सोडून काय करू, घरात बसून भिंतींशी गप्पा मारू?" असं तिने डॉक्टरांनाच विचारलं. तिला कामाची हौस होती, चार माणसांत राहायची हौस होती आणि ती लपवायची तिला कधी गरज वाटली नाही. म्हणून नव्या, तरुण मॅनेजरबाईंनी सगळ्यांना बोलावून अडचणी विचारल्या तेव्हा पुरुष मंडळी मूग गिळून बसली आणि ताई उठली.

"बाई, आम्ही रोज खालून उपसतो. त्यापेक्षा वरूनच पडणार नाही, असं काही मिळत नाही का?"

मिळत होतं. मॅनेजरबाईंनी महिन्याभराच्या बोलीवर एक स्क्रेपर मागवला. पट्ट्याच्या रुंदीची दांडी, तिच्यावर जाड नारिंगी पातं, बाजूला एक स्प्रिंग आणि स्प्रिंगवर नट. ड्रमच्या तोंडाशी हे पातं पट्ट्याला टेकून उभं राहणार आणि चिकटलेला चुरा तिथेच खरवडून काढणार. नट आवळला की पातं जास्त दाबायचं, सोडला की कमी. बायकांनी त्याचं नाव उलथनं ठेवून टाकलं.

बोली अशी होती: उलथन्याने बोगद्यातले ढीग थांबले, तर चौघींना पट्ट्याच्या बाजूच्या खिडक्यांच्या गॅलरीत घ्यायचं. तिथे दिवसभर ताठ चालायचं, रोलरचे आवाज ऐकायचे आणि कुठला रोलर रडतोय ते फिटरला सांगायचं. ढीग थांबले नाहीत, तर उलथनं खोक्यात घालून परत आणि चौघी फावड्यावर. बाकीच्या तिघी म्हणाल्या, "ताई, तू बोललीस, आता तूच निस्तर."

आता त्या नटाला हात लावणारी माणसं दोन. सकाळपाळीचा फिटर म्हणजे ताईचा नवरा आणि दुपारपाळीचा फिटर म्हणजे ताईचा भाऊ. आणि ही दोन माणसं एकमेकांशी बोलत नव्हती.

नवऱ्याला कारखान्यात एकफेरे म्हणत. आडनाव असावं असं वाटतं, पण आडनाव नव्हे. नट कितीही पक्का बसलेला असो, याला "अजून एक फेरा" दिल्याशिवाय पाना खाली ठेवता यायचा नाही. भाऊ बरोबर उलटा. त्याला प्रत्येक वस्तू जरा श्वास घेईल अशी ठेवायची असे, म्हणून त्याचं नाव ढिले. एका उस्तादाच्या हाताखाली शिकलेले हे दोघे एकेकाळी एका डब्यात जेवायचे. ताईचं लग्नही त्या डब्यातूनच जमलं, असं लोक म्हणत.

बिनसलं ते कपाटाच्या दारावरून. भावाने बहिणीच्या स्वयंपाकघरासाठी स्वतःच्या हाताने कपाट केलं. दार किंचित खाली झुकायचं. भाऊ म्हणाला, चार दिवस राहू द्या, लाकूड बसलं की आपोआप सरळ होईल. नवऱ्याने त्या संध्याकाळीच बिजागरीला अजून एक फेरा दिला. स्क्रू फिरला, लाकूड चिरलं, दार निखळून त्याच्याच पायावर पडलं. भाऊ म्हणाला, बिघडवलंत. नवरा पाय चोळत म्हणाला, होतंच बिघडलेलं. झालं. दार भिंतीला टेकवून ठेवलं गेलं, ते दोन वर्षं तिथेच होतं आणि अबोलाही. येता-जाता ताईच्या कोपराला दार लागायचं.

कारखान्यात रीत अशी, की पाळी बदलताना जाणाऱ्या फिटरने येणाऱ्या फिटरला पट्ट्यापाशी उभं राहून काय केलं, काय राहिलं ते तोंडी सांगायचं. यांच्यातला एक एका दाराने जायचा, दुसरा वेगळ्या दाराने यायचा. ताईची पाळी दोघांच्या मधोमध, उशिरा सकाळपासून संध्याकाळपर्यंत. तेव्हा निरोप्याचं काम आपसूक तिच्या गळ्यात पडलं. दुपारी नवऱ्याचा निरोप भावाला, संध्याकाळी भावाचा निरोप घरी नवऱ्याला.

लोक निरोप सांगताना तिखटमीठ लावतात. ताई लागलेलं तिखटमीठ धुऊन काढायची. नवरा म्हणायचा, "तुझ्या भावाला सांग, उलथन्याला हात लावशील तर याद राख. कपाटं बिघडव म्हणावं, माझा पट्टा नको." ताई भावाला सांगायची, "हे म्हणत होते, सगळं ठीक आहे." भाऊ म्हणायचा, "भावोजींना सांग, यंत्राची मान आवळली म्हणजे काम होत नसतं. डोकं असलं तर वापरा म्हणावं." ताई घरी येऊन सांगायची, "विशेष काही नाही. तब्येत विचारत होता."

आणि नवऱ्याने डोळे बारीक करून विचारलं, की त्याने नटाला हात लावला का, तर ती भाजी चिरता चिरता म्हणायची, "छे हो, तो कशाला हात लावतोय." भावाने विचारलं, तर त्यालाही तेच, "छे रे, ते कशाला हात लावतायत." तिला वाटायचं, आपण आगीवर पाणी टाकतोय. गृहकलहात बायकामाणसांना हा भ्रम फार होतो. पुरुषांनाही होत असेल, पण ते निरोपच पोचवत नाहीत.

उलथनं बसवलं त्या आठवड्यात ढीग अर्ध्यावर आले. चौघींनी बोगद्यात अक्षरशः गाणी म्हटली. पुढच्या आठवड्यात ढीग पुन्हा वाढले. मग एक दिवस कमी, एक दिवस जास्त, आणि पात्याचा एक कोपरा झिजून गेला तर दुसरा तसाच कोरा. महिना भरत आला तेव्हा बोगदा होता तसाच झाला. तिघी ताईकडे एकदा बघायच्या आणि फावडी उचलायच्या. त्याने ताईला फार लागायचं.

शेवटी मॅनेजरबाईंनी तिला वर बोलावलं. त्यांच्या टेबलावर चहाचा कप निवून गेला होता.

"ताई, मला वाईट वाटतंय," त्या म्हणाल्या. "पण उलथन्यातच दोष आहे. सकाळचा फिटर सांगतो, मी रोज नट नीट लावून जातो, सकाळी येतो तर आपोआप सुटलेला. दुपारचा फिटर सांगतो, मी रोज नीट सोडून जातो, दुपारी येतो तर आपोआप आवळलेला. हादऱ्याने नट सुटतो हे मी ऐकलंय. आपोआप आवळणारा नट मी जन्मात पाहिला नाही."

"दुसऱ्या पाळीवाला हात लावतो का, ते विचारलंत?" ताईने विचारलं.

"विचारलं ना. दोघांनीही छातीठोक सांगितलं, दुसरा हात लावत नाही, त्याची खात्री आहे. खरं सांगू, साला-मेहुण्यांचा एकमेकांवर एवढा विश्वास मी कुठे बघितला नाही."

ताईला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. साप साप म्हणून भुई धोपटत होते सगळे. नटात भूत नव्हतं, स्प्रिंगमध्ये दोष नव्हता. रोज संध्याकाळी भाजी चिरत एक बाई खोटं बोलत होती, एवढाच तो दोष. नवरा आवळत होता, भाऊ सोडत होता आणि पात्याला पट्ट्याशी ओळख करून घ्यायलाही उसंत मिळत नव्हती.

"बाई," ती म्हणाली, "उलथनं परत न्यायला त्यांचा माणूस खोकं घेऊन कधी येणार?"

"सोमवारी."

"मग उद्या पाळी बदलताना मला अर्धा तास पट्टा बंद हवा. भूत सापडलंय. कोण आहे ते मात्र आज विचारू नका, मला लाज वाटते."

मॅनेजरबाईंनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि विचारलं नाही. ताईला त्या पोरीचं फार कौतुक वाटलं.

पट्ट्याच्या कामाचा एक नियम होता आणि तो मोडायची कुणाची छाती नव्हती. पट्ट्याजवळ हात घालणाऱ्या प्रत्येकाने बटणाच्या पेटीला स्वतःचं कुलूप लावायचं. ज्याचं कुलूप, त्यानेच काढायचं. एकही कुलूप लटकत असेल तोवर पट्टा हलत नाही. ताईचंही एक कुलूप होतं, लाल, दांडीला चुन्याचा थर बसलेलं. दुसऱ्या दिवशी दुपारी पट्टा थांबला तशी तिने ते पेटीला लावलं आणि किल्ली मुठीत धरून ड्रमपाशी उभी राहिली.

नवरा मागच्या दाराने निघाला होता, त्याला एका मैत्रिणीने वळवून आणलं. भाऊ पुढच्या दाराने येत होता, त्याला दुसरीने. दोघे समोरासमोर आले आणि दोघांनीही छताकडे पाहिलं. छतात बघण्यासारखं काही नव्हतं.

"कुलपं लावा," ताई म्हणाली.

दोघांनी लावली. नियम तो नियम.

"आता ऐका. आजपासून मी निरोप सांगणार नाही. पण राहिलेले सांगून टाकते." आणि तिने सुरुवात केली. दोन वर्षांचं तिखटमीठ तिच्याकडे साठलेलं होतं, एकही दाणा सांडला नव्हता. आडमुठा कोण कुणाला म्हणालं, पानेबहाद्दर कोण म्हणालं, कुणाच्या डोक्यात स्प्रिंग नाही आणि कुणाच्या मनगटात जोर नाही, सगळं तिने ज्याचं त्याला, ज्या सुरात आलं त्या सुरात पोचतं केलं. बोगद्यातून वर आलेल्या तिघी कठड्याला टेकून ऐकत होत्या. एकीने तोंडात पदराऐवजी हातमोजाच कोंबला होता.

"आणि शेवटचं," ताई म्हणाली. इथे तिचा आवाज उतरला. "अहो, हा रोज नट सोडत होता. आणि तू ऐक, हे रोज आवळत होते. मी दोघांना खोटं सांगितलं. तुमचं भांडण होऊ नये म्हणून सांगितलं आणि सगळ्यांचं वाटोळं केलं."

दोघे एकदम बोलले.

"तू खोटं बोललीस?" नवरा म्हणाला.

"ताई, तू खोटं बोललीस?" भाऊ म्हणाला.

दोन वर्षांत दोघांचं एका गोष्टीवर एकमत झालं ते हे. नवरा म्हणाला, यंत्राच्या बाबतीत असं करतात का. भाऊ म्हणाला, तेच तर. नवरा म्हणाला, एवढी साधी गोष्ट. भाऊ म्हणाला, बघा ना. ताईला रडू येत होतं आणि त्यातच कुठेतरी हसूही फुटत होतं. मग बोलता बोलता दोघांच्या लक्षात आलं, की आपण एकमेकांशी बोलतोय, आणि दोघांनी पुन्हा छताकडे पाहिलं.

"पण तू सोडत का होतास?" नवऱ्याने नटाकडे बघत विचारलं. प्रश्न नटाला असावा तसा.

भावाने पट्ट्याच्या जोडावर हात ठेवला. पट्ट्याची दोन टोकं तिथे पत्र्याच्या चिमट्यांनी जोडलेली होती. "हा जोड येतो तेव्हा तुमच्या आवळलेल्या पात्याला धाडकन बसतो. आधीच्या कारखान्यात असाच जोड अडकून पट्टा उभा फाटलेला पाहिलाय मी. सगळा खाली आला. तेव्हा खाली कुणी नव्हतं म्हणून निभावलं." तो थांबला. "इथे खाली ताई असते."

नवऱ्याने पाना या हातातून त्या हातात घेतला.

"आणि तुम्ही?" भावाने विचारलं.

"सैल पात्याखालून ढेकळं जातात. खाली पडली की आवाज येतो. मी वर कुठेही असलो तरी मला ऐकू येतो." त्याने नाक पुसलं, चुना नाकात जातोच. "प्रत्येक ढेकूळ हिलाच उचलावं लागतं ना. गुडघे बघ तिचे."

ताई कठड्याला धरून खाली बसली. गुडघे दुखले म्हणून नव्हे. ही दोन माणसं एकाच नटाला दोन बाजूंनी ओढत होती ती तिच्याचसाठी, आणि एवढ्या निरोपांत हा एक निरोप कुणी तिच्याकडे दिला नव्हता.

"दोघांनी शिव्या बऱ्या पाठवल्यात," ती डोळे पुसत म्हणाली. "हे का नाही सांगितलंत? हे मी धावत जाऊन पोचवलं असतं. आता बघत काय बसलात, पातं बदला."

उलथन्यासोबत एक जादा पातं आलं होतं. भावाने दांडी धरली, नवऱ्याने जुनं पातं काढून नवं बसवलं. मग नटावरून रीतसर भांडण झालं, पण तोंडावर तोंड. एक म्हणे आवळ, एक म्हणे सोड. मग नवऱ्याने ओंजळभर पाणी पट्ट्यावर मारलं, तिघांनी आपापली कुलपं काढली, पट्टा हलला आणि दोघांनी दांडीकडे कान लावले. जोड आला की धाड वाजलं, तर भाऊ बोट खाली करायचा. पाण्याची ओळ पात्यापलीकडे दिसली, तर नवरा बोट वर करायचा. प्रत्येक वेळी पट्टा थांबवा, कुलपं लावा, नट हलवा, कुलपं काढा. अर्ध्या तासाचा पाऊण तास झाला. शेवटी जोड नुसता टक् करून गेला आणि पट्टा पलीकडून कोरडा आला. ताईच्या एका मैत्रिणीने नखांना लावायचा लाल रंग पिशवीतून काढून दिला. पट्टा थांबवून त्या रंगाने ताईने नटावर आणि स्प्रिंगवर मिळून एक रेघ ओढली, म्हणजे कुणी हात लावला तर रेघच चुगली करेल.

सोमवारी तो माणूस खोकं घेऊन आला. रिकामं खोकं काखेत धरून तो मॅनेजरबाईंच्या मागे जिना उतरला. बोगद्यात चौघींनी शनिवारी पट्ट्याखाली जुनी ताडपत्री अंथरली होती, ती अजून ताडपत्रीच दिसत होती. तिच्यावर पांढरी धूळ होती, केरसुणीने सुपलीत भरता येईल एवढी. मॅनेजरबाईंनी वाकून बोट फिरवलं आणि बोटाकडे पाहत राहिल्या.

"खोकं वर ठेवा," त्या खोकेवाल्याला म्हणाल्या. "आम्हाला लागेल. जुनी फावडी ठेवायला."

तिघी ताईच्या गळ्यातच पडल्या. त्यांच्या कपड्यांवरचा चुना तिच्या कपड्यांवर आला आणि तिचा त्यांच्यावर.

वर पाळी बदलत होती. ताई जिना चढत वर आली तेव्हा नवरा आणि भाऊ ड्रमपाशी उभे होते, रीतीप्रमाणे, समोरासमोर. लाल रेघ जागच्या जागी होती. भाऊ जरा खाकरून म्हणाला, "भावोजी, अजून एक फेरा?"

नवऱ्याचा हात सवयीने खिशातल्या पान्याकडे गेला. मग त्याने तो रिकामाच बाहेर काढला.

"राहू दे," तो म्हणाला. "बसलंय ते."

मग तो ताईकडे वळला. "अगं, तुझ्या भावाला सांग, की घरी ते दार..." एवढं बोलून तो अडखळला, कारण ताई हाताची घडी घालून गप्प उभी होती आणि भाऊ तर हातभर अंतरावर होता. त्याने मान वळवली. "कपाटाचं दार अजून भिंतीला टेकलेलं आहे. सुट्टीला ये."

"येतो," भाऊ म्हणाला. "पाना मात्र मी आणीन. तुम्ही फक्त दार धरा."

नवरा हसला आणि पुढच्या दाराने घरी निघाला. ताई गॅलरीकडे वळली. यातलं कुणाचं काहीही तिला कुणाला सांगायचं नव्हतं.